बंदुकीच्या नळीतून दारू मागवणारा शहजादा : वऱ्हाडचा सुभेदार दानियाल

नाशिकच्या वाईनरीत टेस्टिंगला गेलात की समोर चार-पाच ग्लास येतात. प्रत्येकात जेमतेम दोन घोट. ग्लास फिरवा, वास घ्या, जिभेवर घोळवा, असं तिथला माणूस सांगतो. गिळायची नसेल तर थुंकायला भांडंही ठेवलेलं असतं. थोडक्यात काय, तर चव कळावी एवढंच. २००५ च्या सुमाराला नाशिकमध्ये अशी टेस्टिंग रूम सुरू झाली, तेव्हा पैसे देऊन दोन घोट कोण पिणार, असं अनेकांना वाटलं होतं. आज शनिवार-रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

पण याच महाराष्ट्रात चारशे वर्षांपूर्वी असा एक माणूस होऊन गेला, ज्याला दोन घोटांवर थांबणं जमलंच नाही. तो साधासुधा माणूस नव्हता. अकबर बादशहाचा धाकटा मुलगा होता. खानदेश, अहमदनगर आणि वऱ्हाड एवढा मुलूख त्याच्या ताब्यात होता. म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्यातलं कळंबसुद्धा त्याच्याच अंमलाखाली. त्याची दारू सुटावी म्हणून खुद्द बादशहाने पहारे बसवले. आणि पहाऱ्यातून ज्या वाटेने दारू आत आली, ती वाट म्हणजे त्याच्या लाडक्या बंदुकीची नळी.

हा शहजादा दानियाल.

त्याचा जन्म ११ सप्टेंबर १५७२ चा, अजमेरचा. अकबर तेव्हा गुजरातच्या मोहिमेवर निघाला होता. अजमेरमधल्या शेख दानियाल नावाच्या फकिराच्या घरी हे बाळ जन्मलं, म्हणून नावही तेच ठेवलं. बाळ जेमतेम महिन्याचं असताना त्याला आमेरला, राजा भारमलच्या राणीकडे सांभाळायला पाठवण्यात आलं. त्याला दोन मोठे भाऊ होते. थोरला सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर. मधला मुराद. आणि तिघंही पुढे दारूत बुडाले.

वऱ्हाडचा या कुटुंबाशी संबंध आला तो मुरादमुळे. अकबराला दख्खन जिंकायची होती. या मोहिमेसाठी आधी दानियालचं नाव पुढे आलं होतं, पण बेत बदलला आणि जबाबदारी मुरादकडे गेली. मुराद आणि अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे ज्यांचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात शिकलो ते रहीम, या दोघांनी १५९५ च्या शेवटी अहमदनगरला वेढा घातला. आत चांदबीबी होती. तिने किल्ला सोडला नाही. शेवटी १५९६ मध्ये तह झाला आणि किल्ला वाचवण्याच्या बदल्यात निजामशाहीने वऱ्हाड मोगलांना देऊन टाकलं.

यवतमाळ मोगलांकडे आलं ते असं. लढाई अहमदनगरला झाली आणि मालक मात्र पैनगंगा-वर्ध्याकाठच्या गावांचा बदलला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हे, दिली आहेत त्यात कळंब आहे, माहूरही आहे. आज चिंतामणीच्या देवळामुळे ओळखलं जाणारं कळंब तेव्हा सरकारचं ठाणं होतं. यवतमाळ स्वतः त्या मानाने लहान. ते ‘योत-लोहारा’ या परगण्याच्या नावात सापडतं. त्यातलं लोहारा आज शहराला अगदी चिकटलेलं आहे.

मुरादला हा मुलूख लाभला नाही. त्याने बाळापूरजवळ शाहपूर नावाचं गाव वसवलं, तिथे राहिला, पण खानखानाशी त्याचं पटेना. त्यात १५९७ मध्ये त्याचा लहानगा मुलगा रुस्तम वारला आणि मुरादने दारू आणखी जवळ केली. त्याला परत आणायला अकबराने अबुल फजलला पाठवलं. अबुल फजल पोचला, त्याच दिवशी, मे १५९९ मध्ये, दौलताबादपासून काही कोसांवर पूर्णा नदीकाठच्या छावणीत मुराद मेला. वय २८. झटके येत होते, शुद्ध हरपत होती, अशी त्याच्या शेवटच्या आजाराची वर्णनं आहेत.

आता दानियालची पाळी आली.

त्याआधी तो अलाहाबादचा सुभेदार होता. १५९९ मध्ये त्याला दख्खनला पाठवलं गेलं. त्याचं लग्न खानखाना रहीमच्या मुलीशी, जानान बेगमशी झालं. म्हणजे रहीम आता त्याचा सेनापतीही आणि सासराही. जावई आणि सासऱ्याने मिळून पुन्हा अहमदनगरला वेढा घातला. या वेळी किल्ल्यात फूट पडली होती. चांदबीबी मोगलांना मिळाली अशी आवई उठली आणि तिच्याच लोकांनी तिला मारलं. ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगर पडलं. तिकडे जानेवारी १६०१ मध्ये खुद्द अकबराने असीरगड घेतला. खानदेश मोगलांचा झाला, तेव्हा बादशहाने त्या प्रांताचं नाव बदलून लाडक्या मुलाच्या नावावर ‘दानदेश’ ठेवलं. खानदेशी माणसाला हे नाव काही पचलं नाही. दानियालबरोबर तेही गेलं.

१६०१ मध्ये अकबर आग्र्याला परतला आणि अहमदनगर, खानदेश, वऱ्हाड या सगळ्याचा कारभार दानियालकडे आला. तेव्हा त्याचं वय २८. राजधानी बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असलं तरी आपल्या रावेरपासून अगदी जवळ, तापीच्या काठावर.

दानियाल नालायक होता का? तसं म्हणता येत नाही. त्याच्या मोठ्या भावाने, जहांगीरने, पुढे आपल्या आत्मचरित्रात त्याच्याबद्दल जे लिहिलंय त्यावरून माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. दिसायला देखणा, वागायला गोड. हत्ती आणि घोड्यांचं प्रचंड वेड. कुणाकडे चांगला हत्ती किंवा घोडा आहे असं कानावर आलं की तो आपल्याकडे आणल्याशिवाय याला चैन पडायची नाही. हिंदी गाण्यांची आवड आणि स्वतः हिंदीत बऱ्यापैकी कविता करायचा. सासरा रहीम असल्यावर तेही साहजिकच म्हणायचं. हे लिहिणारा भाऊ गादीसाठी त्याचा प्रतिस्पर्धी होता, हे लक्षात घेतलं तर या कौतुकाला जरा जास्तच वजन येतं.

पण मुलूख शांत नव्हता. निजामशाही संपली असं मोगल म्हणत होते आणि मलिक अंबर ते मानायला तयार नव्हता. दुसरीकडे राजू दख्खनी होता. रहीमचा मुलगा इरज याने नांदेडजवळ मलिक अंबरला मागे रेटलं, तरी अंबर पुन्हा उभा राहिलाच. लढायचं काम रहीम आणि इतर सरदार करत होते. सुभेदार बुऱ्हाणपूरच्या वाड्यात दारू पीत होता.

तो पीत काय होता, हे इथे बघायला हवं. कारण आज आपण ‘वाईन’ म्हणतो ती आणि मोगलांची दारू यात मोठा फरक आहे.

मोगल मध्य आशियातून आलेले. तिथे द्राक्षाची दारू घरोघरची. हिंदुस्थानात ती दुर्मिळ. द्राक्षं अजिबात नव्हती असं नाही. दौलताबादच्या परिसरात द्राक्षं आणि डाळिंबं होतात, वर्षातून दोनदा फळ येतं, हे इब्न बतूताने चौदाव्या शतकातच लिहून ठेवलंय. पण दारूचं मोठं उत्पादन करावं एवढ्या बागा नव्हत्या. उंची दारू इराणातून यायची, शिराझची. काही पोर्तुगीजांमार्फत युरोपातून यायची. महाग, आणि लांबच्या प्रवासात बिघडण्याची भीती.

मग रोजची भूक भागवायला होता अरक. म्हणजे गाळलेली दारू. ‘आईन-ए-अकबरी’त तिची कृतीच दिलीय. एक मण उसाच्या मालाला १० शेर या हिशोबाने बाभळीची कुटलेली साल घालायची, त्यावर तिप्पट पाणी. हे मिश्रण मोठमोठ्या रांजणांत भरून रांजण जमिनीत पुरायचे, भोवती घोड्याची वाळकी लीद. सात ते दहा दिवसांत आंबतं. चाखल्यावर गोड आणि तुरट लागलं की समजायचं, जमलं. कडक हवी असेल तर त्यात आणखी गूळ. मग भट्टीवर गाळायची. तीच पुन्हा गाळली की दुबार अरक, अतिशय जहाल. यवतमाळ-पांढरकवड्याकडच्या माणसाला यातलं काहीही नवीन वाटणार नाही. बाभळीच्या सालीच्या जागी मोहफुलं धरा, रांजणाच्या जागी प्लास्टिकचा ड्रम. मोहाच्या झाडाची आणि त्यापासून होणाऱ्या दारूची नोंदही ‘आईन’मध्ये आहे.

द्राक्षाच्या वाईनमध्ये साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं. गाळलेल्या दारूत त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त. दानियाल ज्याच्या आहारी गेला होता, ती ही दुबार गाळलेली.

अकबराला हे कळत होतं. एक मुलगा दारूने गेला होता. थोरला सलीम १६०० पासूनच बंड करून अलाहाबादला बसला होता, आणि १६०२ मध्ये त्याने अबुल फजलचा खून करवला. म्हणजे गादीसाठी भरवशाचा म्हणावा असा मुलगा एकच उरला होता, दानियाल. आणि तो पिऊन मरायच्या वाटेला लागलेला. अकबराने पत्रं पाठवली, समजावणारी माणसं पाठवली, दरबारात परत बोलावलं. दानियाल आला नाही.

अशातच १६०४ मध्ये त्याचं आणखी एक लग्न झालं. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी त्याला द्यायचं आधीच ठरलं होतं, पण आदिलशहा चालढकल करत होता. मुलीला घेऊन यायला अकबराने असद बेग नावाचा अधिकारी विजापूरला धाडला. लग्न लागलं आपल्या पैठणजवळ, गोदावरीच्या काठी. वधूच्या लवाजम्यात इतिहासकार फरिश्ता होता. हाच असद बेग परत जाताना विजापुरातून एक नवी वस्तू घेऊन गेला आणि ती त्याने अकबरापुढे ठेवली. ती वस्तू होती तंबाखू. दारू सोडवता सोडवता बादशहाच्या घरात तंबाखू शिरला तो असा! अकबराने एक-दोन झुरके घेतले, हकिमाने अडवलं, आणि त्याने पुढे नाद केला नाही.

पैठणहून दानियाल बुऱ्हाणपूरला परतला. प्रकृती खालावली होती. आता अकबराने शेवटचा उपाय केला. खानखाना रहीमला हुकूम गेला, की जावयाच्या हाताला दारू लागता कामा नये. रहीमने वाड्याभोवती पहारे बसवले. आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती सुरू झाली.

दानियाल कासावीस झाला. रडला, हातापाया पडला. पहारेकऱ्यांवर परिणाम होईना, तेव्हा तो आपल्या खास नोकरांकडे वळला. काही जणांनी गाईच्या आतड्यात दारू भरून, ते कपड्यांखाली अंगाला गुंडाळून आत नेल्याचं सांगितलं जातं. पण गाजली ती दुसरी युक्ती.

दानियालकडे शिकारीची एक आवडती बंदूक होती. तिचं नाव ‘यक्का-ओ-जनाजा’. जनाजा म्हणजे तिरडी. तिची गोळी ज्याला लागेल त्याची थेट तिरडीच उठणार, असा त्या नावातला भाव. हे नाव त्यानेच ठेवलेलं, तिच्यावर शेरही रचलेला. मुर्शिद कुली नावाचा बंदूकची त्याच्या जवळचा होता. दानियालने त्याला गळ घातली, की याच बंदुकीत भरून आण. शहजाद्याची बंदूक त्याच्याकडे नेणाऱ्या बंदूकचीला कोण अडवणार? मुर्शिद कुलीने नळीत दुबार गाळलेली दारू ओतली आणि बंदूक खांद्यावर टाकून पहाऱ्यातून आत गेला.

त्या नळीत कित्येक दिवसांची बारुदीची राख होती, गंज होता. जहाल दारूत ते सगळं विरघळलं. दानियालने ती प्यायली आणि कोसळला. जहांगीरच्या लिखाणात हा प्रसंग असाच येतो. शहजादा ४० दिवस अंथरुणाला खिळला होता, असंही लिहिलेलं सापडतं. १६०५ च्या वसंतात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी दानियाल बुऱ्हाणपुरात मेला. ज्या बंदुकीचं नाव त्याने ‘जनाजा’ ठेवलं, तिनेच त्याचा जनाजा काढला, असं तेव्हापासून लोक सांगत आलेत.

गोष्ट म्हणून हे फारच नेमकं बसतं, आणि म्हणूनच जरा थांबून बघायला हवं. लोखंडाचा गंज काही एवढा विषारी नसतो, की घोटभर पोटात गेल्यावर माणूस मरावा. बारुदीत शोरा, गंधक आणि कोळसा असतो. गोळ्या शिशाच्या, त्यामुळे नळीत थोडंफार शिसंही असणार. यातलं काहीच पोटात जाऊ नये हे खरं, पण दानियालचं शरीर नळीतली दारू येण्याच्या कितीतरी आधीच पोखरून निघालं होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती तेव्हा अकबराच्या माणसांच्या ध्यानात आली नसावी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली, तर शरीर उलटतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. काहींना फिट येतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणूनच आज व्यसनमुक्ती केंद्रात अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन बाहेर काढतात. नुसतं खोलीत कोंडून भागत नाही. दानियाल पहारेकऱ्यांपुढे रडत होता तो केवळ हट्टापायी नव्हे. त्याचं अंग ते मागत होतं.

याचा पुरावा त्याच घरात होता. सलीम. त्याला पहिला प्याला मिळाला तो अठराव्या वर्षाच्या आसपास, अटकजवळच्या छावणीत. शिकारीत दमला होता, तेव्हा एका तोपचीने सांगितलं की एक प्याला घेतला तर थकवा पळेल. पिवळसर, गोड द्राक्षाची दारू होती. त्याला आवडली. मग प्याले वाढत गेले, द्राक्षाची दारू चढेनाशी झाली, आणि तो अरकवर आला. नऊ वर्षांनी हिशोब होता रोज २० प्याले दुबार अरक. १४ दिवसा, ६ रात्री. हात इतके कापायचे की प्याला दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे. हकीम हुमाम याने त्याला तोंडावर बजावलं, की असंच चाललं तर सहा महिन्यांत उपाय हाताबाहेर जाईल.

सलीमने एकदम सोडली नाही. हळूहळू कमी करत गेला. अरकमध्ये द्राक्षाची दारू मिसळायची, दोन भाग ती आणि एक भाग अरक. प्याले एकेक करून कमी करायचे. सात वर्षांनी तो सहा प्याल्यांवर आला आणि तिथेच राहिला. सोबत अफू होतीच, त्यामुळे त्याला कुणी निर्व्यसनी म्हणणार नाही. पण तो ५८ वर्षं जगला आणि २२ वर्षं राज्य केलं. धाकट्याच्या वाट्याला अशी सात वर्षं आली नाहीत. त्याच्या वाट्याला आला पहारा.

दानियाल गेल्यावर रहीमने दारू आत नेणाऱ्यांना पकडून कडक शिक्षा केली. त्याची मुलगी जानान बेगम तरुणपणीच विधवा झाली आणि पुढचं आयुष्य तिने तसंच काढलं. अकबर या धक्क्यातून सावरला नाही. सात महिन्यांतच, ऑक्टोबर १६०५ मध्ये तोही गेला. तीन मुलांपैकी उरलेला एकुलता एक, ज्याने बापाविरुद्ध बंड केलं होतं, तो जहांगीर म्हणून गादीवर बसला. वऱ्हाडात मोगलांचं बस्तान नीट बसलंच नाही. मलिक अंबरने पुढची वीस वर्षं त्यांना दख्खनमध्ये झोपू दिलं नाही.

बुऱ्हाणपूरच्या त्या वाड्याने आणखी एक शहजादा पाहिला. जहांगीरने आपला मुलगा परवेझ याला दख्खनचा कारभार देऊन तिथे पाठवलं. काकाचं काय झालं हे त्याला माहीत नसणं शक्यच नव्हतं. १६२६ मध्ये परवेझही बुऱ्हाणपुरातच मेला, चाळिशीच्या आत, आणि कारण तेच, दारू. दानियालचे मुलगे मात्र आपल्या काकाकडे लाहोर-आग्र्यात वाढले. १६२७ मध्ये जहांगीर गेला, शहाजहानने गादी घेतली आणि वाटेत येऊ शकतील अशा सगळ्या पुरुषांना संपवायचा हुकूम लाहोरला पाठवला. १६२८ च्या जानेवारीत ज्यांना मारलं, त्यांत दानियालचे तहमुरास आणि होशंग हे दोघं होते.